टेपचा कान

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकला असशील. ताईचं पत्र म्हणजे आईचं काहीतरी झालं! आईला काहीही झालेलं नाही. सकाळी दोनदा चहा मागून घेतला आणि दोन्ही वेळा पाणचट झालाय म्हणून नाक मुरडलं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं, पत्र कशाला, असं तुला वाटेल. ताईंना आता वेळच वेळ, असं तुझी बायको म्हणेल. म्हणू दे. तुमचं सामान ट्रकमध्ये चढायच्या आत हे तुझ्या हातात पडावं, एवढीच माझी घाई आहे. महिनाअखेरीला तुम्ही दोघं कायमचे इथे राहायला येणार, वरच्या खोलीत तू तुझं ऑफिस थाटणार, घरबसल्या काम करणार, हे सगळं तू ठरवलंयस आणि मीही मान डोलावली होती. त्याबद्दलच लिहायचंय. पण आधी तुझ्या नेटवर्कचं काय झालं ते सांगते, नाहीतर तेवढंच शोधत तू पानं उलटत बसशील.

काम झालं. हॉलमधलं वायफाय जिन्याच्या पहिल्या वळणावरच मान टाकतं, हे तू मागच्या खेपेला पाहिलं होतंस. त्यावर तोडगा तुझाच. भिंती फोडायच्या नाहीत, बाबांनी टेलिफोनसाठी घातलेली तार भिंतीत आयती पडून आहे, तिच्यावरूनच नेटवर्क वर न्यायचं. कल्पना चांगली होती, नाही कशाला म्हणू? बाबांचं काहीतरी कामी येईल, असं म्हणून तू हसलास आणि मीही हसले. तू सांगितलेला नेटवाला आला. ढेरपोट्या, बोलघेवडा, आणि शिडी बघितली की घाम फुटणारा. त्याच्याकडे एक गमतीचं यंत्र आहे. त्याचा एक तुकडा हॉलमधल्या भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतल्या तारेला लावायचा आणि दुसरा, पेनासारखा, भिंतीवरून फिरवायचा. जिथून तार जाते तिथे ते पीं पीं करतं. आईला हल्ली ऐकू कमी येतं, हाका मारून माझा घसा बसतो, पण हे तिला बरोबर ऐकू आलं. भिंतीत उंदीर शिरलाय म्हणाली आणि काठी घेऊन त्याच्या मागे मागे फिरायला लागली. तार हॉलमधून निघते, बाबांच्या खोलीत जाते आणि तिथून वर तुझ्या खोलीत. नेटवाला खूश झाला. अस्सल तांब्याची तार, चार पदरी. फोनला दोनच पदर लागायचे, दोन रिकामेच होते. कॉम्प्युटरला चारही लागतील. वाऱ्यासारखं पळणार नाही म्हणाला, पण तुमच्या भावाचं काम अडणार नाही.

आता जरा मागचं. बाबा टेलिफोन खात्यात. गावभरचे फोन दुरुस्त करणाऱ्याच्या घरी एकच फोन शोभत नाही, म्हणून त्यांनी तीन ठेवले होते: एक हॉलमध्ये, एक स्वतःच्या खोलीत, एक वर तुझ्या खोलीत. नंबर एक, लाइन एक. एक जण बोलत असला की बाकीचे दोघं फोन उचलून सगळं ऐकू शकायचे. त्याला पॅरलल म्हणतात, आणि हा शब्द आपल्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरला जायचा. आई मावशीशी फोनवर कुजबुजायला लागली की बाबा म्हणायचे, जपून हं, पॅरलल आहे! दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने तोंड घातलं की आई डाफरायची, काय रे, पॅरलल लावलास का? शेजाऱ्यांना ही एखादी शिवी वाटायची. घंटी मात्र फक्त हॉलमधल्या फोनला होती. एका लाइनीवर तीन घंट्यांचा भार नको म्हणून बाकीच्या दोन बाबांनी काढून ठेवल्या होत्या. त्यामुळे वरचा किंवा बाबांचा फोन चालू आहे की बंद, हे तो उचलून कानाला लावल्याशिवाय कुणालाच कळायचं नाही. हे लक्षात ठेव.

बाबांची आणखी एक खोड तुला आठवत असेल. तार जोडून काळी टेप गुंडाळली की तिचं शेवटचं टोक ते दुमडून ठेवायचे, नखात धरता येईल एवढंसं. त्याला ते कान म्हणायचे. कान ठेवला नाही तर उद्या उघडणाऱ्याने नखं मोडून घ्यायची आणि आपल्या नावाने बोटं मोडायची, असं त्यांचं म्हणणं. इस्त्रीच्या वायरीपासून तुझ्या पुस्तकांच्या फाटक्या पाठींपर्यंत, बाबांच्या प्रत्येक टेपला कान. तू मुद्दाम ते कान चिकटवून टाकायचास आणि धपाटे खायचास. मग रडत माझ्याकडे यायचास, आणि मी बाबांशी भांडायला जायची. तुझी वकिली करण्यातच माझं लहानपण गेलं.

तर नेटवाल्याने बाबांच्या खोलीतली डबी उघडायला घेतली. झाकणाच्या कडांवर रंग बसला होता, सुरीने तो कापावा लागला. तो हिरवा रंग, मी नोकरीत कायम झाले त्या वर्षी घराला लागलेला. त्याच्यावर पुन्हा काही लागलं नाही. झाकण निघालं आणि तो म्हणाला, ताई, हे बघा काय करून ठेवलंय. हॉलकडून आलेली तार आणि वर जाणारी तार, दोन्ही थेट एकमेकींना जोडलेल्या होत्या. आणि बाबांच्या फोनकडे जाणारा तुकडा कापलेला, टोकं मागे दुमडून टेपमध्ये गुंडाळलेली. टेप वाळून कडक झाली होती, पण कान शाबूत होता. लाइन बाबांच्या खोलीतून वर जात होती, बाबांच्या फोनला शिवतसुद्धा नव्हती. हा फोन कधीपासून बंद आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, बंद कुठे, चांगला चालू होता की! तो म्हणाला, रंग लागल्यानंतर तरी नाही. मी खाली बसले. त्याला वाटलं धुळीने चक्कर आली, बिचारा पाणी आणायला धावला.

मी का बसले ते तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? तरी सांगते. तुला माहीत असलेलीच गोष्ट आहे, पण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकलेली नाहीस. नकाशेवाला तुला आठवतो. ते नाव तूच ठेवलंस, तो नकाशांच्या कचेरीत काम करायचा म्हणून. संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि मी हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून हळूच बोलायची. घरात सांगायची हिंमत होत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करत आम्ही नोंदणी करून लग्न करायचं ठरवलं आणि मग घरी यायचं. घराला तो हिरवा रंग लागून गेला होता, त्यानंतरच्या एका फोनवर दिवस, वेळ, कचेरी, सगळं ठरलं. आई शेजारी गेली होती. बाबा त्यांच्या खोलीत दार लोटून पडले होते. तू वर अभ्यास करत होतास, किंवा तसं आम्हाला वाटत होतं. बोलता बोलता टक् असा बारीक आवाज झाला आणि त्याचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. कुणीतरी दुसरा फोन उचललाय, हे टेलिफोनवाल्याच्या मुलीला कळायला नको होतं का? पण मी इतक्या आनंदात होते की तिकडे लक्ष दिलं नाही.

ठरल्या दिवशी मी नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांपाशी उभी आणि समोरच्या फुटपाथवर बाबा. हातात छत्री, अंगात कामावरचा शर्ट. नकाशेवाला कोपऱ्यावरून येत होता. त्याने बाबांना पाहिलं आणि जागच्या जागी वळला. पळालाच म्हण. छत्रीवाल्या म्हाताऱ्याला घाबरून! त्याच्या नावाने मी पुष्कळ रडले, आता एवढंच वाटतं, बरं झालं, असल्या माणसाला जन्मभर धीर देत बसावं लागलं असतं. बाबा रस्ता ओलांडून आले आणि फक्त चल म्हणाले. ते ओरडले असते तर मी ओरडले असते. नाही म्हणाले असते तर भांडले असते, आणि जिंकलेही असते, कारण बाबांशी भांडायला मी तुझ्यापायीच शिकले होते. पण चोरून ऐकायचं, तेही आपल्या मुलीचं, आणि मग वर साळसूदपणे चल म्हणायचं? याला माझ्याकडे माफी नव्हती.

बाबांनी ऐकलं हे मला कुणी सांगितलं, धाकट्या? आठव. मी वर तुझ्या खोलीत येऊन तुझ्या गादीवर पडून रडत होते. कुणाला कळलं, कसं कळलं, असं बडबडत होते. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. केवढासा आवाज काढलास, आणि म्हणालास, ताई, बाबांच्या खोलीत पॅरलल आहे ना. बस्स, एवढंच वाक्य. त्या एका वाक्यावर मी खाली जाऊन बाबांना, तुम्ही चोरून ऐकलंत, असं तोंडावर म्हटलं आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं. तू माझ्याबरोबर रडलास, मला वाटलं हा एकटाच माझा आहे. पुढे स्थळं आली, मी बघितली नाहीत. तुझं लग्न झालं, तू लांब गेलास, मी इथेच राहिले. बाबांशी माझा संबंध ताट वाढण्यापुरता. तेही मला उलटून कधी काही म्हणाले नाहीत. फोन वाजला की खोलीतला फोन हाताशी असूनही उठून हॉलमध्ये यायचे, आणि मी मनात म्हणायची, काय हा साळसूदपणा! तू सुट्टीत यायचास, आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवायचास, विनोद सांगायचास. घास उतरायचा तुझ्या गळ्याखाली?

शेवटच्या दुखण्यात बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाचं तुला माहीत नाही, तू उशिरा पोचलास. एका दुपारी मी औषध द्यायला गेले, तर त्यांनी उशाशी असलेला फोन कानाला लावलेला. तोंडाने काही पुटपुटत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जायची वेळ आली तरी यांचं ऐकणं सुटत नाही! मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, आता तरी पुरे करा. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी आपण होऊन बोललेले हे शब्द. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलली. फोन मी कपाटात टाकला. एकदा, फक्त एकदा तो माझ्या कानाला लावला असता तर मला कळलं असतं की त्याच्यात काहीच नाही. त्या मुक्या फोनमध्ये ते कुणाशी बोलत होते, हे आता मला कोण सांगणार आहे?

तर पुन्हा त्या डबीकडे. आई दारात काठी टेकून उभी राहून मी आणि नेटवाला काय करतोय ते बघत होती. उघडी डबी बघून अगदी सहज म्हणाली, अगं, ती त्यांनीच तोडली. मी कानाशी ओरडून विचारलं, कधी? तर म्हणाली, तुला त्या मुलाचे फोन यायला लागले ना, तेव्हा. एकदा यांनी चुकून उचलला, तू हसत होतीस. हे लाल होऊन स्वयंपाकघरात आले. पोरगी मोठी झाली, म्हणाले, तिचं बोलणं माझ्या कानावर पडता कामा नये. दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन बसले. म्हणजे धाकट्या, बाबांना सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि ते मी सांगायची वाट बघत होते! मग त्या दिवशी कचेरीपाशी कसे आले, मी विचारलं. आई म्हणाली, ते धाकट्यानं सांगितलं ना. आणि तोंडावर हात ठेवला. पण तिचं वय झालंय, एकदा सुटलेलं बोलणं तिला आवरता येत नाही. तुझा निकाल लागला होता. तू नापास झाला होतास, बाबा पट्टा काढून उभे होते, आणि तू ओरडलास, मला काय मारता, ताई काय करणार आहे ते बघा आधी! मग तिखटमीठ लावून सगळं सांगितलंस. स्वतःचं नापास होणं झाकायला माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलंस. आणि ते साधलंही! त्या वर्षी घरात माझंच रामायण चालू होतं, तुझ्या निकालाची कुणाला आठवणही राहिली नाही. त्यानंतरही बाबा थांबले होते, मी आपण होऊन बोलेन म्हणून. नकाशेवाल्याला त्यांना दोन शब्द विचारायचे होते, एवढंच आई सांगते. तो थांबला असता तर ते काय म्हणाले असते, तिलाही माहीत नाही.

आणि मी त्यांच्यावर आळ घेतला तेव्हा ते गप्प का बसले? आई खरं सांगायला निघाली होती. बाबांनी तिला शपथ घातली. म्हणाले, आपण पिकली पानं, आज आहोत उद्या नाही. आपल्यामागे तिचं माहेर म्हणजे धाकटाच. माझ्यावर रागावू दे, त्याच्यावर नको. तुझ्या नावाचं माझं माहेर टिकावं म्हणून त्या माणसाने शत्रू होऊन माझ्या हातचं जेवण जेवलं. सासर मला लाभलंच नाही. तेव्हा हे माहेर त्यांनी कुणासाठी राखलं, सांग. तू तेव्हा पोरगा होतास, कबूल. पोरं घाबरून काहीबाही बोलतात. पण तू पुढे मोठा झालास की नाही? नोकरीला लागलास, बाप झालास, केस पिकले. बाबांच्या त्या दुखण्यात तुला एकदा फोन करून म्हणता आलं नाही, ताई, जा, त्यांच्याशी बोल, तो मी होतो? तेवढं म्हटलं असतंस ना, तर मी तुला महिनाभर शिव्या घातल्या असत्या आणि महिन्याने तुझी वकिली केली असती. तू मला ओळखत होतास. तरी गप्प बसलास.

म्हणून पत्र. फोनवर तू मध्येच बोलला असतास, गोड बोलला असतास, आणि मी पुन्हा फसले असते. त्यापेक्षा तुला ज्याची सवय आहे तेच कर, मुकाट्याने ऐक. वरची खोली तुम्हाला मिळणार नाही. सामान बांधलं असेल तर सोड. आईला भेटायला येत जा, जेवून जात जा, आईसमोर मी काही बोलणार नाही. तिने आयुष्यभर बरंच पोटात घातलंय. आईच्या खोलीत बसवायला तू पाठवलेला कॅमेराही परत पाठवतेय, या घरात यापुढे कुणी कुणावर पाळत ठेवायची नाही. तुझं नेटवर्क उत्तम चालू झालं होतं. नेटवाल्याने बाबांच्या डबीपाशी एक छोटी पेटी बसवली, हिरवे दिवे लागले, वर लॅपटॉप लावून दाखवला. तो गेल्यावर दुपारी मी बाबांची पक्कड काढली आणि वर जाणारी तार कापली. टोकं मागे दुमडली, टेप गुंडाळली, अगदी बाबा करायचे तशी. फक्त कान ठेवला नाही.

तुझीच,
ताई